वरची कुठली, खालची कुठली

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट, म्हणजे गोष्ट म्हणावी इतकी मोठी पण नाही. अक्कलकोट रोडला माझ्या ओळखीच्या एका भाईंचं भंगाराचं दुकान आहे, दुकान म्हणजे पत्र्याचं शेड आणि पुढं जागा मिळेल तिथवर पसरलेलं लोखंड. रविवारी सकाळी मी तिथं जाऊन बसतो. का बसतो ते घरी अजून कुणाला पटवून देता आलेलं नाही, आठवडाभर बँकेत कागद आणि कीबोर्ड झाल्यावर काहीतरी जड हातात घ्यावंसं वाटतं एवढंच. एप्रिल संपत आलेला, सकाळ अजून नीट उजाडून झाली नाही तोवर पत्रा तापून टकटक वाजायला लागलेला. तेवढ्यात पुण्याहून एक गृहस्थ आले. त्यांच्याकडं डुक्कर फियाट आहे, म्हणजे जुनी फियाट 1100, ती गोल पाठीची, आणि तिच्या ड्रायव्हरकडच्या दाराच्या बिजागऱ्या गंजून पार खलास झाल्यात. भाईंनी फोनवर "जोडी आहे साहेब, या तुम्ही बिनधास्त" म्हणून सांगितलेलं. पोत्यातनं जोडी निघाली, डिझेलच्या चिंधीनं पुसली, खोक्यावर मांडली. गृहस्थांनी एक उचलली, मग दुसरी उचलली, एकीवर एक ठेवून बघितली आणि दोन्ही खाली ठेवल्या. "दोन्ही सारख्याच आहेत," म्हणाले, "या फियाटच्या नाहीत. कारच्याच नाहीत." चहा आला होता तो उभ्या उभ्या पिऊन गेले पण.

सारख्या आहेत म्हणून नाहीत?

भाई दोन मिनिटं चिडले, मग दुसऱ्या गिऱ्हाईकात गुंतले, मला मात्र ते वाक्य काही केल्या सोडेना. जोडी म्हटल्यावर सारखीच असायला पाहिजे ना. घराच्या दाराला आपण दुकानात जाऊन "चार इंची तीन द्या" म्हणतो, तिन्ही सारख्या येतात, सुतार त्यातली कुठली वर लावतो कुठली खाली हे त्यालाही नंतर सांगता येणार नाही. आणि या माणसानं तर मोजपट्टीसुद्धा बाहेर काढली नाही, नंबर शोधला नाही, भिंग नाही काही नाही, नुसतं एकीवर एक ठेवलं. दुसऱ्या दिवशी बँकेच्या पार्किंगमध्ये मी माझ्याच गाडीचं दार उघडून उकिडवा बसलो आणि वॉचमन काका येऊन विचारून गेले की साहेब किल्ली पडली का. पडली नव्हती, पण जे दिसलं ते आधी कधीच दिसलं नव्हतं, चौदा पंधरा वर्षं गाडी चालवणाऱ्या माणसाला ही लाजिरवाणी नाही तर काय गोष्ट आहे.

घराची चौकट सरळ असते. कारचा अंगचा पत्रा सरळ नसतो, वर काचेकडं आत झुकतो, पोटाशी फुगतो, खाली उंबऱ्याशी परत आत वळतो. पण दाराला फिरायचं तर एकाच सरळ रेषेभोवती फिरावं लागतं, म्हणजे वरच्या बिजागरीची पिन आणि खालच्या बिजागरीची पिन एका रेषेत आल्याच पाहिजेत, नाहीतर दार अर्ध्यात आवळणार नाहीतर पिन वाकवणार. आता दार ज्याला लागतं तो खांबच वाकडातिकडा, आणि पिना मात्र एका रेषेत, हे जमवायचं कसं? तर बिजागरीची मान, म्हणजे खांबापासून पिनेपर्यंतचा भाग, कमीजास्त करून. जिथं बॉडी आत गेलीय तिथं मान लांब, जिथं बाहेर फुगलीय तिथं आखूड. म्हणून जुन्या गोल गाड्यांची वरची आणि खालची बिजागरी सहसा वेगवेगळी, आणि गाडी जितकी गोलमटोल तितका फरक जास्त. डुक्कर फियाट तर डोक्यापासून शेपटापर्यंत गोल. म्हणजे सारखी जोडी बघितल्या बघितल्या त्या गृहस्थांना कळलं की ही जिच्यावर बसली होती ती गाडी गोल नव्हती, तिची बाजू भिंतीसारखी उभी होती. उलट करून बघितलं तर अजून मजा, म्हणजे नुसत्या दोन बिजागऱ्या हातात असल्या तर अख्ख्या गाडीचा त्या जागचा बाक मनात काढता येतो, गाडी भंगारात वितळून कधीची सळई झाली असली तरी.

मग मला नादच लागला. लोक जुन्या गाडीचा फोटो बघतात तेव्हा आधी बोनेट बघतात, लोगो बघतात, हेडलाईट बघतात. मी दाराची फट बघायला लागलो. पहिला प्रश्न, बिजागरी बाहेर दिसते का आत लपलीय. अगदी सुरुवातीच्या मोटारी म्हणजे घोड्याच्या बग्गीचीच भावंडं, लाकडाचा सांगाडा, त्यावर पत्रा ठोकलेला, आणि बिजागरी लाकडात स्क्रूनं बसवलेली, नळ्या बाहेर डोकावणाऱ्या. पुढं सगळी बॉडीच पत्र्याची व्हायला लागली आणि बिजागरी हळूहळू आत गेली, कारण बाहेरच्या नळीत पाणी जातं, गंज धरतो, आणि दिसायलाही लोकांना नको वाटायला लागलं. पण सगळ्यांचं एकदम झालं नाही हे. ती इवलीशी मिनी, 1959 ला आली तेव्हा बिजागऱ्या उघड्या बाहेर होत्या, आणि 1969 च्या मार्क थ्री या आवृत्तीपासून आत गेल्या, म्हणजे मिनीच्या दाराकडं नुसतं बघून सुरुवातीची का नंतरची हा पहिला अंदाज बांधता येतो. आणि लँड रोव्हर, तिनं तर हट्टच धरला, 1948 पासून 2016 ला तिची जुनी डिफेंडर बंद होईपर्यंत दाराच्या बिजागऱ्या बाहेरच, लाज नाही काही नाही, बोल्ट सोडा आणि बदला. मला खरं सांगायचं तर हेच जास्त आवडतं. लपवलेल्या बिजागरीत सफाई असते, पण बिघडली की डेंटर आत हात घालून शिव्या देतो तेव्हा त्या सफाईचा हिशोब होतो.

दुसरा प्रश्न, दार कुठून उघडतं. डुक्कर फियाटची पुढची दारं उलटी उघडायची, म्हणजे बिजागरी मागच्या कडेला, मधल्या खांबावर, आणि मागच्या दाराची बिजागरी पण त्याच खांबावर. दोन्ही दारांचं ओझं एका खांबाला. आमच्या लहानपणी नवी पेठेत एका डॉक्टरांकडं अशी गाडी होती, तोवर ती जुनीच झालेली, आणि माझी आजी त्या गाडीचं फार कौतुक करायची, कारण नऊवारी नेसून त्या दारातनं बसायला सोपं, पाठ फिरवायची, टेकायचं, पाय आत घ्यायचे. आजीला कुणी सांगितलं नव्हतं की चालत्या गाडीत असलं दार कडीतनं सुटलं तर वारं त्याला ढकलून बंद करत नाही, उलट ओढून पुरतं उघडतं, आणि म्हणूनच जगभर या दारांना वाईट नाव पडलं. इटलीतल्या छोट्या फियाट 500 ला पण 1965 पर्यंत असली उलटी दारं होती, मग फिरवली. आपल्याकडं 1964 च्या सुमारास फियाट 1100 ची डिलाइट आली आणि पुढचं दार सरळ झालं, तीच गाडी पुढं पद्मिनी म्हणून आपण पार 2000 च्या आसपासपर्यंत बघितली. म्हणजे फियाट 1100 ची म्हणून कुणी बिजागरी विकायला आणली तर आधी विचारायचं की बाबा, उलट्या दाराची का सरळ दाराची, कारण बिजागरी ज्या खांबाला बसते तो खांबच दोन्हीकडं वेगळा.

पद्मिनीवरनं मामा आठवले. मामांची पद्मिनी फिक्कट निळी होती, आत रेक्झिनचा आणि विडीचा मिळून एक वास, उन्हात उभी केली की सीटवर मांडी भाजायची. तिच्या डाव्या पुढच्या दाराला एक युक्ती होती, नुसतं ओढलं तर लागायचं नाही, हँडलला धरून जरा वर उचलायचं आणि मग लोटायचं. पाहुण्यांना माहीत नसायचं, ते धाडकन आपटायचे, मामा पुढनं ओरडायचे, "अरे आपटू नको की, उचलून लाव, उचलून!" आम्हा भाचरांना ती युक्ती येते याचा आम्हाला केवढा माज होता. प्रत्येक जुन्या गाडीच्या दाराची अशी काहीतरी खोड असायची आणि ती फक्त घरच्या माणसांना माहीत असायची. नव्या गाडीत आता उलटं झालंय, दार जरा जोरात लावलं की मालक म्हणतो फ्रिज आहे का तो, हळू लाव.

उचलून का लावावं लागायचं ते आता कळतं. दाराचं वजन सगळं एका बाजूला लोंबकळतं, त्यामुळं वरची बिजागरी सतत बाहेरच्या बाजूला ओढली जाते आणि खालची आत दाबली जाते. वरच्या बिजागरीत पिन ज्यात फिरते त्या बुशचं भोक हळूहळू एका अंगाला लांबट होत जातं, खालचं बरोबर विरुद्ध अंगाला. मग दाराचं कडीकडचं टोक खाली उतरतं, कडी आणि खाच यांची गाठ पडत नाही, आणि भाचरं उचलून लावायला लागतात. म्हणजे दोन बिजागऱ्या अगदी एका साच्यातल्या असल्या तरी वापरून झाल्यावर त्या सारख्या राहत नाहीत. पिन काढून भोकात बोट फिरवायचं, झीज कुठल्या अंगाला आहे बघायचं, वरची कुठली खालची कुठली समजतं. आणि झीज जास्त असेल तर बहुतेक ड्रायव्हरकडची, कारण बाकीची दारं दिवसात चारदा उघडत असतील तर ते दहादा उघडतं. मी भाईंकडची ती जोडी घरी आणली होती तोवर, भाईंनी वजनावर दिली, आणि त्यात हे स्पष्ट होतं. एकीचं भोक एकीकडं खाल्लेलं, दुसरीचं दुसरीकडं. बायको म्हणाली डायनिंग टेबलावर ठेवू नकोस ते.

आट्यांचं, म्हणजे बोल्टवरच्या गोल फिरत जाणाऱ्या खाचांचं, पण एक बघण्यासारखं आहे, जरा किचकट आहे पण ज्याला ओळखायचंय त्याला चुकत नाही. बिजागरीबरोबर जुना बोल्ट आला असेल तर फेकायचा नाही. जुन्या ब्रिटिश गाड्यांना व्हिटवर्थच्या घराण्यातले आटे, जोसेफ व्हिटवर्थनं 1841 ला ठरवून दिलेले, आट्याचा कोन 55 अंशाचा. अमेरिकन गाड्यांचे आटे 60 अंशाचे, पण माप इंचात. फियाट इटलीची, तिथं कोन 60 चाच पण माप मिलिमीटरमध्ये. मग 1948 ला ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी मिळून एकच पद्धत ठरवली आणि ब्रिटिश गाड्या हळूहळू तिकडं वळल्या. आटे मोजायची ती पात्यापात्यांची गेज मिळते, स्वस्तात मिळते, एक पातं बसत नाही, दुसरं बसत नाही, मग एक असं चपखल बसतं की प्रकाशाची रेघ पण दिसत नाही. तो क्षण मला फार आवडतो, सांगायला काही नाही त्यात. फक्त एक भानगड आहे, आपल्याकडच्या गाड्यांना तीस-चाळीस वर्षांत कुणी ना कुणी भोक परत पाडून हातात असेल तो बोल्ट मारलेला असतो, त्यामुळं बोल्ट मूळ गाडीचा देश सांगतो का मधल्या गॅरेजचं गाव सांगतो हे ठरवावं लागतं.

माझ्या जोडीला बोल्ट नव्हतेच. भोकं होती, आणि ती मला विचित्र वाटत होती, एका ओळीत नव्हती, एक जरा वर एक जरा खाली अशी नागमोडी. मला वाटलं कुणा शिकाऊ पोरानं पाडली असतील.

अप्पांकडं गेलो ती जोडी घेऊन. अप्पा जुन्या पुणे नाक्याकडं ट्रकच्या बॉड्या बांधायचे, आता वय झालं, मुलगा बघतो. घरात कन्नड, गिऱ्हाइकाशी मराठी, पोरांशी दखनी, आणि रागावले की तिन्ही एकदम, आपल्या सोलापुरात जसं असतं तसं. शेडात शिरलं की ओल्या लाकडाचा भुसा, वेल्डिंगचा धूर आणि ऑइलपेंट असा वास नाकात बसतो तो संध्याकाळपर्यंत जात नाही. अप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला, बिजागरी उन्हात धरली.

"हे लाकडाचं हाय बे."

"लाकडाचं कसं अप्पा, लोखंड आहे की."

"लाकडावरचं म्हणलो! भोकं बघ की. एका लायनीत मारलं तर फळी चिरते, म्हणून वर-खाली मारत्यात. पत्र्याला कशाला लागतंय असं."

झालं. जे मला शिकाऊ पोराचं काम वाटत होतं ते मुद्दाम केलेलं होतं. लाकडाच्या एकाच शिरेत दोनतीन स्क्रू किंवा बोल्ट गेले की ती शीर फाटते, म्हणून भोकं सरकवून पाडायची. मग अप्पा सुटलेच. पिन बघितली, म्हणाले तीन सूत. मी घरी व्हर्नियर लावलं होतं तेव्हा साडेनऊ मिलिमीटर आलं होतं आणि मी विचार करत बसलो होतो की साडेनऊ हे कुठलं माप, कुठल्या कंपनीचं. इंचाचे आठ सूत, त्यातले तीन, म्हणजे साडेनऊच्या वर एक केसभर. कुठली कंपनी नाही, बाजारात मिळणारी सळई. नळ्या बघितल्या, त्या ओतीव नव्हत्या, बिडाच्या पण नव्हत्या, पाइपाचे तुकडे कापून पट्टीला वेल्डिंग केलेलं, आतनं पाइपाची शिवण बोटाला लागते. कडा गॅसनं कापलेल्या नव्हत्या, गॅसनं कापलं की कडेला वितळल्याचे ओघळ राहतात, इथं छिन्नीनं तोडून कानशीनं घासलेलं. "आमच्यातलं न्हाई हे," अप्पा म्हणाले, "आम्ही पट्टीचं टोक गोल करत होतो. हे तिरपं कापलंय. खाली विजापूरकडचा कुणी असंल, नायतर उमरग्याचा." आणि हे असं म्हणाले की जणू हस्ताक्षर ओळखलं.

तुम्हाला माहीतच आहे पण तरी सांगतो, कारण पुढचं सगळं यावर आहे. आपल्या रस्त्यावरचे जुने ट्रक, ती टाटा-मर्सिडीज 1954 ला सुरू झाली तिथनं पुढं कित्येक दशकं, कंपनीतनं पुरे बनून यायचेच नाहीत बहुतेक. यायची ती चासी, म्हणजे चाकांवरचा नुसता सांगाडा, इंजिन, बोनेट आणि फार तर पुढचा काचेपर्यंतचा भाग. ड्रायव्हर डोक्याला फडकं बांधून, फळकुटावर बसून, उघड्यावर ती चासी शेकडो किलोमीटर चालवत आणायचा. आमच्या पुणे-हैदराबाद रोडला शाळेतनं येताना अशा चास्यांच्या रांगा दिसायच्या, ड्रायव्हरचे डोळे फक्त दिसायचे, बाकी सगळं धुळीनं एका रंगाचं. मग मालक ती आपल्या ओळखीच्या मिस्त्रीकडं लावायचा आणि मिस्त्री सागाची, बाभळीची चौकट करून केबिन उभी करायचा, पत्रा मारायचा, दारं करायचा. आणि दार केलं म्हणजे बिजागरी पण तोच करणार किंवा शेजारचा लोहार. बाजू सरळ उभी, म्हणून वरची खालची सारखी. बरेचदा पिन खालच्या पट्टीत उभी पक्की आणि वरची नळी त्यावर नुसती बसवलेली, म्हणजे दार वर उचललं की निघून हातात. मे महिन्यात सोलापुरातनं जाणारे ट्रक मी बिनदाराचे बघितलेत, दार मागं फाळक्याला, म्हणजे मागच्या उघडत्या फळीला, बांधलेलं आणि ड्रायव्हरचा एक पाय बाहेर वाऱ्याला.

एसटीचं मधलंच काहीतरी होतं. 1948 ला पुणे-नगर पहिली गाडी सुटली ती बेडफर्ड, लाकडी बॉडीची, आणि पुढं महामंडळाच्या स्वतःच्या कार्यशाळा, आपली दापोडीची वगैरे, तिथं बॉड्या बांधायला लागले. तिथंही माणसंच बांधत होती, पण एका नकाशावरनं, एका मापानं. बार्शीला आत्याकडं जाताना मी कायम पुढच्या सीटसाठी धडपडायचो, ड्रायव्हर उजवीकडच्या त्याच्या छोट्या दारातनं चढायचा, ते दार लावायचा एक ठराविक आवाज होता, आधी कुर्र आणि मग धप्प, आणि सोलापूरच्या गाडीचा आणि पंढरपूरच्या गाडीचा तो आवाज एकच होता. ट्रकचं तसं नव्हतं, प्रत्येकाचं कुरकुरणं वेगळं.

आता माझी अडचण इथं आहे. ते पुण्याचे गृहस्थ पूर्ण बरोबर होते. त्यांच्या फियाटला ही बिजागरी बसली नसती, आणि कुणी ठोकून बसवली असती तरी गाडीचा अपमान झाला असता. जुनी गाडी जपणाऱ्यांचं हे वेड मला समजतं, स्क्रूचं डोकंसुद्धा त्या काळचं पाहिजे म्हणून महिनोन्महिने हिंडणारी माणसं आहेत आणि ती आहेत म्हणून त्या गाड्या आपल्याला बघायला मिळतात. 2021 ला सरकारनं विंटेज गाड्यांचा नियम पण केला, 50 वर्षांहून जुनी दुचाकी-चारचाकी, मूळ रूपात राखलेली, तिला व्हीए अक्षरांची वेगळी नंबरप्लेट. चांगलं केलं. पण "मूळ रूप" वाचलं आणि मला सारखा ट्रक दिसायला लागला. ट्रकचं मूळ रूप काय धरायचं? कंपनीच्या गेटमधनं निघाला तेव्हा त्याला दारच नव्हतं. मूळ रूप धरायचं म्हटलं तर डोक्याला फडकं बांधलेला तो ड्रायव्हर आणि फळकूट. आणि दार धरायचं म्हटलं तर ते करणारा कुठल्याच कॅटलॉगात नाही, त्याचा पार्ट नंबर नाही, तिरपं कापलेलं टोक हीच त्याची सही, आणि ती सही वाचू शकणारे अप्पांसारखे किती राहिलेत. फियाटची हरवलेली बिजागरी इटलीत कुणीतरी परत बनवत असेल, मिनीची तर नक्की मिळते. माझ्या जोडीची दुसरी जोडी नाही, आणि ती कुणाला नको पण आहे.

अर्थात मी हे फार हळवं करून सांगतोय याची मला कल्पना आहे. अप्पांना विचारलं तर ते म्हणतात लाकडाची केबिन म्हणजे ड्रायव्हरचे हाल होते, पावसात गळायची, उन्हात फुगायची, दार आवळायचं, अपघातात तर चुरा. स्वतः बांधलेल्या वस्तूबद्दल इतकं कोरडं बोलणारा माणूस मी दुसरा बघितला नाही. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला, तेव्हा मी त्यांना सांगायला गेलो की आता संपलंच म्हणायचं, कारण एसी म्हटल्यावर दार रबरी बीडिंगवर घट्ट बसायला हवं, चारी बाजूंनी सारखी फट, ते छिन्नी-कानशीच्या बिजागरीचं काम नाही. तर म्हणाले, "बरं झालं की. चाळीस वर्स त्यांनी भट्टीत बसून गाडी चालिवली."

त्या जोडीवर रंगाचे थर होते ते मी ब्लेडनं एका कोपऱ्यात हळूहळू खरवडले. वरती काळा, मग शेंदरी, मग हिरवा, त्याच्याखाली परत शेंदरी, आणि तळाला एक पिवळा जो आता कुठल्या दुकानात मिळत नाही. मध्ये एका थरावर लांबीचा, म्हणजे खड्डे भरायच्या पुट्टीचा, पांढरा ठिपका, म्हणजे तेव्हा दार कुठंतरी ठोकलं होतं आणि दुरुस्त केलं होतं. मालक किती बदलले का एकाच मालकानं दर दसऱ्याला हौस केली, ते नाही सांगता येत. अप्पांना दाखवलं तर ते म्हणाले शेंदरी म्हणजे रेडऑक्साइड असंल खालचं, तुला काय शेंदरी वाटायलंय, आणि नख मारून बघितल्यावर एक थर रेडऑक्साइडचा, म्हणजे गंज धरू नये म्हणून मारतात त्या अस्तराचा, निघाला, दुसरा खरंच शेंदरी.

अप्पांच्या शेडात हल्ली उसाच्या ट्रॉल्या असतात. दिवाळीच्या आधी तर रस्त्यापर्यंत रांग, कारखाने सुरू व्हायच्या आत सगळ्यांना फाळके ठोकून पाहिजेत. फाळक्याच्या बिजागऱ्या अजून तिथंच होतात, पट्टी, पाइप आणि सळई, फक्त छिन्नीच्या जागी आता कटर आलाय आणि ठिणग्या पार टपरीपर्यंत उडतात. मुलगा पट्टीचं टोक गोल करत नाही, सरळ कापतो, अप्पांना ते आवडत नाही पण बोलत नाहीत. मागच्या वेळी गेलो तेव्हा मोहोळकडचा एक शेतकरी हिशोबाला बसला होता, पत्र्याचा भाव ऐकून घेतला, मजुरी ऐकून घेतली, आणि शेवटी म्हणाला, "बिजागऱ्या तरी फुकट धरा की मिस्त्री, चार तर हायत्या."

"फुकट धरतो की," अप्पा म्हणाले, "मग फाळका तू धर, आन् पळ ट्रॉलीच्या मागनं कारखान्यापतोर."